मनुबियाचं पाणी

सिरीन तिसऱ्यांदा आली तेव्हा सप्टेंबर अर्धा सरला होता. पालिकेच्या पाणी-वीज खात्यातली ही इंजिनियर पोरगी. खात्याने आमच्या गल्लीतल्या अकरा घरांच्या गच्चीवर सौर पाट्या बसवल्या होत्या. त्या विजेवर पावसाचं पाणी साठवायच्या टाक्याचा पंप चालायचा, गल्लीतले दिवेही लागायचे. बदल्यात एकच अट होती, पावसाआधी अंगणातलं टाकं रिकामं करायचं. म्हणजे आमच्या सफाकस शहरातला तो तासाभरात कोसळणारा पाऊस टाक्यांत जाईल, उताराखालच्या घरांत शिरणार नाही.

पाट्या माझ्याही गच्चीवर होत्या. टाकं मात्र मी रिकामं केलं नव्हतं.

सिरीनने मापाची फीत आत सोडली. "काका, जूनपासून बोटभरसुद्धा उतरलेलं नाही. वापरतो म्हणालात ना?"

"वापरतो की."

"मग ओट्याखाली त्या विकतच्या बाटल्या कसल्या?"

मग सांगावंच लागलं. गेल्या सप्टेंबरात माझ्या बायकोने, मनुबियाने, गच्चीला चुना दिला. दरवर्षी तीच द्यायची. चुन्याशिवायच्या गच्चीचं पाणी घरात घेणार नाही म्हणायची. त्या गच्चीवरून हिवाळ्याचा पाऊस टाक्यात उतरला. मार्चमध्ये ती गेली. हे पाणी संपलं की तिच्या हातचं काही उरत नाही.

सिरीन फीत गुंडाळत राहिली. "गटारात सोडा, असं मी नाही सांगणार," ती म्हणाली. "पण काका, पुढच्या आठवड्यात पाऊस आहे."

उताराच्या टोकाशी राहणारी दूजामावशी दारात येऊन सगळं ऐकत होती.

"अरे अजमी, साठलेलं पाणीच बघायचं असेल तर माझ्या घरी ये की! दर पावसात गुडघाभर असतं."

"मावशी, थट्टा नको."

"थट्टा? मनुबिया दर गुरुवारी मला दोन बादल्या द्यायची, हरभऱ्यांसाठी. नळाच्या खारट पाण्यात ते मेले शिजत नाहीत. मार्चपासून खडे चघळतेय मी. आणि तू तिच्या पाण्यावर झाकण घालून बसलायस. तिनं पाहिलं असतं तर तुलाच आत ढकललं असतं."

सिरीनला हसू आवरेना. मलाही आलं, बऱ्याच दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी पंपाची नळी मी गटाराकडे न नेता दाराशी आणली. चार दिवस गल्लीतल्या बायका येत होत्या. हंडे, बादल्या, रंगाचे रिकामे डबे. एकीने त्याच पाण्याचा चहा करून मला पेलाभर आणून दिला. मी तो प्यालो.

तळाशी उरलेल्या पाण्यात चुना विरवला आणि गच्चीवर गेलो. माझा लांब दांड्याचा कुंचला पाट्यांखाली वळेना. मनुबिया बुटकी होती, तिने आपल्या कुंचल्याचा दांडा कापून निम्मा केला होता. तो बरोबर गेला. ती एका सकाळी उरकायची, मला दोन दिवस लागले.

पाऊस मंगळवारी दुपारी आला. रिकाम्या टाक्यात पाणी पडताना केवढा आवाज होतो, ते मी विसरलो होतो. पाऊस थांबल्यावर उतार उतरून दूजामावशीचा उंबरा पाहिला. आतली फरशी कोरडी होती.

"बघत काय उभा राहिलास?" ती आतून म्हणाली. "ये जेवायला. हरभरे शिजलेत."