फोटोपुरते बूट

पेन-इ-गेंट डोंगराच्या पायथ्याशी बस थांबली, तेव्हा बेथनीचे बूट नवेकोरे होते. बाप पोस्टमन, त्यामुळे बुटांतलं त्याला कळायचं. गेला आठवडाभर तो रोज चहा झाला की जमिनीवर पेपर पसरून बसायचा आणि त्या बुटांना मेण चोळायचा. "पाय कोरडे तर माणूस ताठ, बाळा," म्हणायचा.

बेथनी लीड्सच्या एका वकिली कंपनीत उमेदवारी करत होती. सप्टेंबरात तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते कंपनीचे मोठे साहेब ह्यूगो फेअरबर्न ठरवणार होते. आजची चढाईही त्यांच्याच डोक्यातून निघालेली. गरीब घरच्या पोरांनी वर यावं म्हणून देणग्या गोळा करायच्या, आणि त्यासाठी चाळीस वकिलांनी डोंगर चढायचा. गरिबांना वर न्यायला हे लोक स्वतःच का वर चढतात, ते बेथनीच्या बापाला काही केल्या कळलं नव्हतं.

कंपनीची प्रसिद्धी बघणारी इमोजेन कॅमेरा घेऊन आली. तिनं बेथनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नाक मुरडलं.

"बाकी छान गं. पण हे बूट फारच चांगले आहेत."

मग तिनं पिशवीतून एक जोडी काढली. कापडी, अंगठ्यापाशी फाटलेली, जुन्या वस्तूंच्या दुकानातून मुद्दाम शोधून आणलेली.

"फोटोपुरते घाल. तू कुठून आलीस ते लोकांना दिसायला नको?"

"माझे असले कधीच नव्हते," बेथनी म्हणाली. "आमच्या घरात कुणाचेच नव्हते."

"अगं, तुझे कोण म्हणतंय? तुझ्यासारख्यांचे!"

ह्यूगो मागून हसत आले. "घाल गं. अशा समजूतदार मुलीच आम्हाला कायमच्या हव्यात."

'कायमच्या' ऐकलं आणि बेथनी खाली बसली. बापानं बांधायला शिकवलेली गाठ तिनं स्वतःच्या हातानं सोडली. त्या फाटक्या बुटांत कुणाचा तरी जुना घाम मुरला होता. श्वास रोखून तिनं पाय आत घातले. ह्यूगोंनी तिच्या खांद्यावर हात टाकला, इमोजेन म्हणाली, "थोडी लांब बघ, स्वप्न बघितल्यासारखी," आणि ही बया खरंच लांब बघत उभी राहिली.

मग आपले बूट चढवून ती सगळ्यांबरोबर वर गेली. वाटेत चिखल होता, पण तिच्या पायाला थेंब लागला नाही. माथ्यावर शॅम्पेन फुटली. ह्यूगोंनी कष्टांवर भाषण ठोकलं, आणि त्यांची पाठपिशवी वाहून आणलेल्या माणसानं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. बेथनीला ह्यूगोंची किळस आली, त्या शॅम्पेनची आली, आणि आपणही टाळ्या वाजवतोय हे लक्षात आलं तेव्हा स्वतःची सगळ्यांत जास्त आली.

खिशातला फोन थरथरला. बापाचा निरोप होता.

'तुमच्या कंपनीनं टाकलेला फोटो पाहिला. शेजारच्या मॉरीनलाही दाखवला. आपले बूट टोचले का गं? दुसऱ्या कुणाचे मागून घालावे लागले ना? माझंच चुकलं, माप नीट बघायला हवं होतं. पावती ठेवलीय, उद्याच बदलून आणतो.'

कोरड्या, उबदार बुटांत तिची बोटं आखडली. ह्यूगो पेला उंचावून तिलाच हाक मारत होते. तिनं घाईघाईनं उत्तर लिहिलं.

'हो बाबा, जरा टोचत होते.'