हजारचा उजेड

तनुजाने खिडकीच्या काचेवर पुठ्ठा दाबून धरला आणि कडेने चिकटपट्टी ओढली. खाली औरंगपुऱ्याच्या गल्लीत दुपारच्या तीन वाजताही रिक्षांची रेटारेटी चालू होती. खोलीतला उजेड निम्म्याने उतरला.

"वरून अजून फट हाय बघ," मोतीराम तात्या पलंगावरून म्हणाले.

"दिसली, तात्या."

बिडकीनच्या पुढच्या गावातून तिघे जीपने आले होते; ड्रायव्हर खाली जीपपाशी थांबला होता. सप्ताह कमिटीचे अध्यक्ष म्हणून मोतीराम तात्या पलंगाच्या मधोमध बसले होते. तनुजाचे आजोबा, फकिरा आबा, एकुलत्या एका खुर्चीवर काठी मांड्यांत धरून होते. दाराशी चपलांजवळ कडुबा उकिडवा बसला होता. तनुजाने दिलेली उशी त्याने बाजूला सरकवून ठेवली होती. आबा आणि कडुबा, दोघांत रविवारपासून शब्द नव्हता. जीपमध्येसुद्धा मध्ये तात्यांना बसावे लागले होते.

सप्ताह बसला की मंदिरातली पहाऱ्याची वीणा सात दिवस भुईला टेकत नाही. ती एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मधे कुणी झोपत नाही, कुणी टेकत नाही. सकाळी दहा ते बाराचा पहारा सव्वीस वर्षे आबांचा होता आणि त्यानंतरचा कडुबाचा. रविवारी काल्याच्या कीर्तनाने सप्ताह उठला. सोमवारी कडुबा कमिटीपुढे उभा राहून दोनच वाक्ये बोलला, "फकिराच्या पहाऱ्यात वीणा टेकली. पुढल्या साली त्याच्या गळ्यात घालू नका."

आबांनी तिथल्या तिथे देवाकडे हात करून सांगितले की टेकली नाही.

ते कीर्तन तनुजाने गावात फोनवर चित्रित केले होते. फोनच्या पडद्यावर कीर्तनकारांच्या मागचा मंदिराचा दरवाजा, जिथे आबा वीणा घेऊन उभे होते, अंगठ्याएवढा आणि काळाकुट्ट दिसत होता. तात्यांच्या टीव्हीवर तो फक्त मोठा आणि काळाकुट्ट झाला. तेव्हा तनुजाच रागाने फोनवर म्हणाली होती, "माझ्याकडे या. गेमिंगचा मॉनिटर आहे, ओलेड. अंधारातला उंदीरसुद्धा दिसतो त्याच्यावर. होऊन जाऊ द्या एकदाचं."

हे ती मंगळवारी बोलली. तिने स्वतः ते त्या मॉनिटरवर पाहिले आज सकाळी.

"लाव आता," तात्या म्हणाले.

तिने मॉनिटर चालू केला. पडद्याच्या खालच्या कडेला बोटाच्या पेरापेक्षा लहान बटण होते. ते चुकून दाबले गेले आणि कोपऱ्यात यादी उघडली. तिने घाईने ती बंद करायला बोट नेले.

"थांब थांब. काय लिव्हलंय ते?" तात्यांनी चष्मा वर केला. "चारशे. आन् खाली हजार. हे काय?"

"उजेडाचे प्रकार आहेत, तात्या. एचडीआरचे."

"दोन हायेत व्हय? मग हजार लाव की! एवढं डिझेल जाळून आलो ते काय चारशे बघायला?"

आबा हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा. तनुजाने यादीतली खूण हजारवर असल्याची खात्री केली. सकाळी तिनेच ती तिथे परत नेऊन ठेवली होती.

"हजारच आहे," ती म्हणाली.

खोटे त्यात काही नव्हते. खेळताना ती हजारवरच असायची. अंधाऱ्या बोगद्यात बंदुकीची एक ठिणगी उडाली तर डोळे दिपायचे. पण पडदाभर पांढरे आले की त्या मोडला ते झेपत नाही. सगळ्याच ठिपक्यांनी एकदम पेटायचे म्हटले की मॉनिटर सगळ्यांचाच उजेड आखडतो, मग आधीच अंधारात असलेले बुडून जाते. चारशेवर ठिणगी साधी दिसते, पण चित्र दबत नाही, आणि कोपऱ्यातलेही कळते. हे तिला पाठ होते. खोलीतल्या दुसऱ्या कुणाला ते माहीत असण्याचे कारण नव्हते.

चित्र सुरू झाले. कीर्तनकार एका पायावर गिरकी घेत होते, आणि मागच्या टाळकऱ्यांचे टाळ असे चमकले की तात्यांनी मान मागे घेतली.

"आरारा! सोन्याचे केले की गं टाळ!"

"पुढं घे," कडुबा दारातून म्हणाला. "हंडीपाशी."

तिने पुढे घेतले. कॅमेरा जरा वर गेला. मांडवाचे पांढरे कापड उन्हाने भरलेले, त्याखाली पांढरी धोतरे, पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे, शेकड्यांनी. सगळ्यांच्या माना दहीहंडीकडे. पडदा दुधासारखा भरला आणि भरताक्षणी मलूल झाला. कीर्तनकारांच्या मागचा दरवाजा काजळी फासल्यासारखा होता.

"कुठाय वीणा?" तात्या पडद्याला नाक लावून म्हणाले.

"तिथंच आसंल. दारात."

"दारात अंधार हाय, कडुबा. परत दाव गं."

तिने परत दाखवले. तिसऱ्यांदाही. हंडी फुटत होती, दही उडत होते, दरवाजा काळा होता. तनुजाचा तळहात माउसवर ओला झाला. तिने तो सलवारीला पुसला आणि परत ठेवला.

तात्या मागे सरले. "हे बघ कडुबा, हजारवर दिसंना तर आता काय सूर्य आणू का खाली? तुझे डोळे झाले जुने. मोतीबिंदू बघून घे एकदा."

"मोतीबिंदू काढलाय मी. दोन्हीकडचा."

"मग मनातला राहिला आसंल!" तात्या स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले, मग गंभीर झाले. "सव्वीस वर्सं उभा राह्यलेला माणूस हाय हा. त्याच्या सेवेला डाग लावलास तू. येत्या एकादशीला भजनाच्या टायमाला सगळ्यांपुढं सांगायचं, माझी चूक झाली. मंजूर?"

कडुबाने डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिले, परत घातली.

"बरं," तो म्हणाला.

तनुजाने श्वास सोडला आणि व्हिडिओ बंद करायला माउस हलवला.

"र्‍हाऊ दे," आबा म्हणाले.

ते कडुबाकडे पाहत होते. वीतभर बांधासाठी हा माणूस त्यांच्याशी अकरा वर्षे भांडला होता. पत्त्यातला एक हात हरला तरी तीन दिवस वाद घालायचा. आज एका शब्दात कबूल झाला होता. आबांनी काठी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

"तनू, त्या चारशेवर काय दिसतं?"

"उजेड कमी होतो, आबा."

"उजेडाचं नाय इचारलं मी."

खाली कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. तनुजाने मान वळवली नाही. लहानपणी मंदिरातल्या प्रसादाची दुसरी मूठ घेतली की आबा असेच विचारायचे, आवाज न चढवता, आणि उत्तर मिळेपर्यंत वाट बघायचे.

"झालं ना आता, फकिरा," तात्या म्हणाले. "सुटलास तू."

"कशातून सुटलो ते तर बघू."

"आबा, नको." तिचा आवाज तिलाच लहान वाटला.

आबांनी तिच्याकडे पाहिले. त्या दोन शब्दांत त्यांना जे कळायचे ते कळले होते. त्यांनी डोळे मिटले, ओठ दोनतीनदा हलले, बहुधा नाम असावे. मग ते म्हणाले, "लाव बाळा. कीर्तनात निम्मं चरित्र सांगून बुवा खाली बसत नाय."

तिने बटण दाबले. यादी उघडली. खूण एक ओळ वर नेली.

पडदा क्षणभर काळा झाला आणि चित्र परत आले. टाळ पितळेचे झाले. कीर्तनकारांच्या उपरण्याचा जरीकाठ विझला. मांडवाचे पांढरे मात्र या वेळी मलूल पडले नाही, आणि दरवाजात, खांबाला पाठ लावून, फकिरा आबा उभे होते. गळ्यात वीणा होती.

"दिसलं की!" तात्या म्हणाले.

हंडीकडे सगळ्यांच्या माना वळल्या तेव्हा खांबाजवळचे आबा हळूहळू खाली येऊ लागले. पडले नाहीत. ओले कापड दोरीवरून घसरावे तसे आले. वीणेचा भोपळा फरशीला लागला आणि तिरका झाला.

इथेच सकाळी तनुजाने व्हिडिओ थांबवला होता. पुढचे पाहण्यासारखे काही राहिले नाही असे तिला वाटले होते. आताही बोट तिथेच गेले.

"चालू दे," कडुबा म्हणाला. तो उठून तिच्या खुर्चीमागे आला होता.

चित्र चालू राहिले. आबा फरशीवर बसले होते. डोळे उघडे होते. तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती. डावा हात मांडीवर उताणा पडला होता, आणि उजवा हात वीणेची तार छेडतच होता, छेडतच होता. दारात एक माणूस धावत आला. कडुबा. त्याने वीणेकडे पाहिलेच नाही. तो गुडघ्यांवर बसला, आबांचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि काहीतरी विचारले. परत विचारले. आबा त्याच्याकडे बघत होते, पण रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघावे तसे. कडुबाने आपल्या टोपीने त्यांची हनुवटी पुसली. त्यानंतर कुठे त्याने वीणा काढून स्वतःच्या गळ्यात घातली आणि एका हाताने आबांना काखेत धरून उभे केले. तोवर हंडी फुटून गेली होती आणि लोक दह्यासाठी ओंजळी पसरत होते.



"हा मीच हाये का?" आबांनी विचारले.

"व्हय," कडुबा म्हणाला.

"मला तर हंडी फुटलेली आठवती. तू लवकर आलास म्हणून मी चिडलो तुझ्यावर."

"शिव्या दिल्यास. दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणालास, तुला माझी वीणा पाह्यजे म्हणून नाटकं करतोस."

तात्यांनी चष्मा काढला होता. "आरे मग कमिटीत हे का नाय सांगितलंस? वीणा टेकली, वीणा टेकली, एवढंच."

"भर सभेत काय सांगू तात्या? याच्या तोंडातून लाळ गळत होती, हा मला वळखीना, हे?" कडुबाचा आवाज चिरकला. "याची वीणा काढून घेतली तर रागानं तरी हा चार माणसं जमवंल, कोणतरी इचारंल, कोणतरी याच्याकडं नीट बघंल. दुसरं काय सुचलं नाय मला."

तनुजाने पडद्यावरच्या आबांच्या उताण्या पडलेल्या हाताकडे पाहिले आणि मग खुर्चीतल्या आबांच्या हाताकडे. रविवारपासून बुधवार. तिने बोटांवर मोजले नाही, तरी अंगठा एकेका पेरावर गेलाच. सकाळी दहा वाजता तिला हे कळले असते. दहापासून तीनपर्यंत ती पुठ्ठा शोधत होती.

ती उठली. मॉनिटर तसाच चालू राहिला.

"आबा, हात वर करा बरं. दोन्ही."

आबांनी आज्ञाधारकपणे दोन्ही हात वर केले. उजवा वर राहिला. डावा वर गेला, आणि कुणी हलकेच दाबत असल्यासारखा खाली येऊ लागला.

"तात्या, जीप दाराशी घ्यायला सांगा. आत्ता. मी दवाखान्याला फोन लावते."

तात्या "व्हय व्हय" करत चप्पल न शोधताच जिन्यावर गेले. तनुजा फोन कानाला लावून आबांची पिशवी, आधार कार्ड, पाण्याची बाटली एका हाताने गोळा करू लागली. पलीकडून कुणी उचलेना.

जिना अरुंद होता. कडुबा पुढे झाला आणि एक पायरी खाली उतरून उलटा उभा राहिला, तोंड आबांकडे करून, दोन्ही हात जरासे पुढे धरून. तनुजाने मागून आबांचा दंड धरला.

"मी पडत नाय," आबा म्हणाले.

"मी कुठं म्हणलं पडतोस?" कडुबा एक पायरी मागे गेला. "उतर."

तिसऱ्या पायरीवर आबा थांबले. "कडुबा, टेकली रे वीणा."

"टेकली."

"पुढल्या साली दहा ते बारा तू उभा र्‍हा."

"आन् बारा ते दोन कोण? तुझा आजा?" कडुबा म्हणाला. त्याचे हात तसेच पुढे होते. "माझ्या गुडघ्यांत दोन पहाऱ्यांचा जीव नाय, फकिरा. पाय उचल. डावा. डावा म्हणतोय मी."