चचरीवरचा निळा पडदा

मी एक पडदा बोलतोय. शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. शब्दही माझे साधेच आहेत. दिल्लीच्या एका मोठ्या शाळेत होतो मी, पण ती लवकर सुटली.

तिथल्या छोट्या रंगमंचासमोर आम्ही दोघे भाऊ लटकायचो, तो डावा, मी उजवा. जाड सुती कापड, निळा रंग, वरच्या काठाला पितळी कड्या. आम्ही बाजूला सरकलो की टाळ्या पडत. त्या आमच्यासाठी नसतात हे कळायला मला बराच काळ लागला. मी मुळात लाजाळू, त्यामुळे कळल्यावर बरंच वाटलं. नाटकातली मुलं घाबरली की माझ्या खालच्या कोपऱ्याला तळहाताचा घाम पुसायची. पुसून पुसून तो कोपरा मऊ पडला. एवढंच माझं शिक्षण. मग बटणावर सरकणारे मखमली पडदे आले आणि शाळेने आम्हाला उतरवून एका संस्थेला देऊन टाकलं. भाऊ कुठे गेला, ठाऊक नाही.

संस्थेच्या गोदामात बायका शहरातून आलेलं सामान निवडत होत्या. एकीने माझ्या कड्या काढायला पक्कड उचलली. दुसरी म्हणाली, "राहू दे गं. नुसती भोकं उरतील. कुणाला कशाचा उपयोग होईल, सांगता येतं का?"

साड्या, स्वेटर, डबे यांच्याबरोबर एका गठ्ठ्यात बसून मी बिहारला, कोसी नदीकाठच्या बेलाटोला गावात उतरलो.

संस्थेची रीत अशी की फुकट काही वाटायचं नाही. गावाने बसून आपली अडचण आपण ठरवायची, आपल्या हातांनी ती दूर करायची, आणि केलेल्या कामाचा मान म्हणून गठ्ठे घ्यायचे. बेलाटोलात त्या बैठकीत तेतरी देवी नावाची बाई उठून बोलली होती, ते मला तिथल्या बायांकडून कळलं. "गेल्या साली माझी सून सुगिया कळा देत नदीच्या धारेकाठी होडीची वाट बघत राहिली. बाळ तिथंच गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेलेत. मला चचरी पाहिजे."

चचरी म्हणजे बांबूचा पूल. तरणे पुरुष पंजाबात मजुरीला गेलेले. मग घरोघरचे बांबू गोळा करून म्हाताऱ्यांनी आणि बायांनीच तो बांधला. पुढारी होता बिल्टू सदा नावाचा म्हातारा. बापजाद्यांपासून त्यांच्या घरात हेच काम.

पूल झाला, गठ्ठे सुटले, आणि मी तेतरीच्या हातात आलो.

"हे काय? ना साडी, ना चादर!"

"हत्तीची झूल असेल, वहिनी," बिल्टू म्हणाला. "आता हत्ती तेवढा शोध."

"मेल्या, तूच घाल अंगावर!" सगळे हसले, पण तिचं तोंड लगेच उतरलं. "जन्मभर मालकिणीचं उतरलेलं नेसले. आता माझ्या घरात कुणाचं उतरलेलं यायचं नाही."

"अगं, बांबू वाहिलेस ना? त्याचा मान आहे हा," बिल्टू म्हणाला.

"वाहिले. माझ्या खांद्याला विचार. पण कापड दुसऱ्याचंच ना?"

तिने गठ्ठ्यातले डबे तेवढे घरात ठेवले. माझ्या कड्यांतून बांबू घालून मला शेळ्यांच्या गोठ्याच्या तोंडाशी टांगलं. लटकणं मला येत होतंच. शेळ्या टाळ्या वाजवत नाहीत, पण येता-जाता अंग घासतात. मी खूश होतो.

एका दुपारी सुगियाला कळा सुरू झाल्या. चौघांनी खाट उचलली, ती चचरीपाशी आली आणि थांबली. पूल नेहमीच्या मापाचा होता, डोक्यावर भारा घेतलेलं एक माणूस जाईल एवढा. खाट आणि तिच्या दोन्ही अंगांचे खांदेकरी मावेनात. दुखणाईताला सगळं गाव खाटेवरूनच नेतं, आणि पूल बांधताना खाट कुणाच्याच ध्यानात आली नव्हती! बिल्टू डोक्याला हात लावून मटकन बसला.

"पूल बांधून माझी सून पुन्हा काठावरच!" तेतरी ओरडली. सुगियाला पाऊलही उचलवत नव्हतं.

तेतरी दोरी आणायला गोठ्याकडे धावली. मला बघून थबकली. बांबूवर मी, माझ्यात वारा भरलेला, फुगून झोळीसारखा झालेला. तिने बांबूसकट मला उचललं. काठावर आणून माझा खालचा काठ वर घेतला आणि त्याच कड्यांत दोरीने करकचून आवळला. सुगियाला आत निजवलं. पुढे बिल्टू, मागे तेतरी, मध्ये मी.

खाली पाणी होतं. बांबू करकरत होते. सुगियाने माझा काठ मुठीत धरला होता.

"डोळे मीट, पोरी. पाणी बघू नको."

"वहिनी, माझ्या पावलाला पाऊल मिळव."

"तू पुढं बघ, म्हाताऱ्या! माझ्या पावलांची काळजी नको तुला."

कळा सोसतासोसता सुगिया हसली. ते हसू मला अंगभर जाणवलं. मला फक्त लटकायचं होतं. मी लटकलो.

पलीकडून रिक्षाने आम्ही दवाखान्यात पोचलो. मुलगी झाली. रडली, चांगली मोठ्याने. नर्सने कापड मागितलं. बाळाला पहिलं कापड जुनंच लागतं आणि तेही घरचं. तेतरीने त्यासाठी स्वतःची साडी धुऊन ठेवली होती, ती घाईत घरीच राहिलेली. तिने मला चाचपलं. माझा मऊ कोपरा सापडला. टर्रकन फाडला, गरम पाण्यातून काढला, पिळून पंख्याखाली वाळवला.

"हे घरचं आहे?" नर्सने विचारलं.

तेतरीने कोपरा गालाला लावून पाहिला. मग म्हणाली, "घरचंच आहे."

आता माझा मुक्काम चचरीच्या तोंडाशी, बिल्टूच्या झोपडीत असतो. गरज पडेल तो मला नेतो. पुरात हा पूल वाहून गेला की पुढच्या साली नवा खाटेच्या मापाने बांधायचं ठरलंय. मग मी रिकामा होईन, आणि तसंच व्हावं. तुम्हाला एकच विनंती. घरातलं काही द्याल तेव्हा धुऊन, घडी घालून द्या, आणि बटणं, नाड्या, कड्या काढून घेऊ नका.

बाळ जन्मलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सकाळी बिल्टूने माझ्या कड्यांतून पुन्हा बांबू ओवला. सुगिया आत निजली, तिच्या कुशीत माझा कोपरा आणि कोपऱ्यात बाळ. आम्ही चचरीवर आलो तेव्हा काठावर साऱ्या बाया सोहर, म्हणजे बाळजन्माची गाणी, गात होत्या, टाळ्या वाजवत होत्या. त्या टाळ्या माझ्यासाठी नव्हत्या. मी मजेत लटकत आलो.