सोन्यावरचा भंडारा

साधना कोरेगाव भीमाच्या एका छापखान्यात सोन्याचा वर्ख लावायची. युरोपातल्या जुन्या, हातानं लिहिलेल्या सचित्र पोथ्या तिथं हुबेहूब तयार व्हायच्या. तेच डाग, तीच कसरीनं पाडलेली भोकं, तीच सोनेरी अक्षरं. नवं करकरीत पान मुद्दाम जुनं करायला पैसे मोजणारी माणसं जगात आहेत, याचं तिच्या राहू गावच्या लोकांना भारी हसू यायचं. साधनाला मात्र त्या कामाचा तोरा होता. दिवाळीनंतर आपल्याला कायम करतील, या आशेवर ती रोज एसटीचे धक्के खात होती.

त्या वर्षी खंडेनवमीच्या पूजेला साहेबांनी घरच्यांनाही बोलावलं. साधना सासूला, बानूबाईला, घेऊन आली. बानूबाईचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. चपला दाराबाहेर काढून, देवळात शिरावं तशी ती आत शिरली. मशिनींना हार घातले होते, कात्र्यांना, ब्रशांना हळदकुंकू लागलं होतं. टेबलावर उद्या परदेशी जाणारी पोथी उघडून ठेवली होती, तीही साधनाच्याच पानावर. रात्रीचा माळ, मेंढरं, काठ्या घेतलेले मेंढके आणि वर सोन्याच्या आभाळात पंखवाला देवदूत.

“आगं, ही तर आपलीच मान्सं!” बानूबाई हरखली. “आन् हे सोनं तू लावलंस?”

“व्हय आत्या,” साधना फुगून म्हणाली आणि पेढे आणायला वळली.

इकडं बानूबाईच्या मनात आलं, कात्रीलासुद्धा हळद लागली आणि एवढी देवाची पोथी तेवढी कोरडी राहिली. विसरली असतील पोरं! तिनं कमरेची चंची सोडली, खंडोबाचा भंडारा बोटांवर घेतला आणि त्या सोन्याच्या आभाळावर भक्तिभावानं ओढला.

साधनानं येऊन सासूच्या हातावर पेढा ठेवला, तेव्हा तिची नजर पानावर गेली. तोवर साहेब पोचलेच.

“कोणी केलं हे? ही बाई कोणाबरोबर आलीय?”

साधनाला कायमची नोकरी हातची जाताना दिसली.

“माहीत नाही साहेब,” ती बोलून गेली. “बाहेरून आली असेल कुणी.”

बानूबाईनं तिच्याकडं एकदाच बघितलं.

“व्हय सायेब,” म्हातारी म्हणाली. “रस्त्यानं चालले व्हते, पूजा दिसली म्हून आत आले. हितं माज्या वळखीचं कुनी न्हाई. चुकलं माजं.”

पेढा तिनं ताटलीत परत ठेवला. वाटेवरच्या बाईचा त्यावर काय हक्क! मग चपला हातात घेऊनच ती गेली.

साधना मेल्याहून मेल्यासारखी झाली. तिनं कापसानं भंडारा पुसायला घेतला, तर त्याबरोबर वर्खही निघून आला. मागं धावावं, साहेबांना खरं सांगावं, असं कितीदा वाटलं. पण पाय हलले नाहीत. स्वतःची एवढी लाज तिला आजवर कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी बानूबाई थांब्यावरच्या रसवंतीमागं उभी होती. साधनानं हाक मारली, तरी पुढं आली नाही. एसटीत चढली, तीही चार माणसं मध्ये ठेवून. साधना डोळे पुसत तिच्या सीटपाशी गेली. बानूबाईनं आधी मान वळवून सगळी गाडी न्याहाळली आणि हळूच विचारलं, “तुज्या कामावरचं कुनी न्हाई न्हवं गाडीत?”

“न्हाई.”

“मग बस,” म्हणत ती खिडकीकडं सरकली.