दोर्विलमामाचे तीन दात

सावान-बेल गावाला दातांचे डॉक्टर येणार म्हटल्यावर मिस्लेनने शाळेतून रजा काढली. ती ले काय शहरात इंग्रजी शिकवायची, पण जन्म इथला, डोंगरातला. परदेशी पथकाला दुभाषी हवा होता आणि तिच्या आईने चर्चमध्ये परस्पर सांगून टाकलं होतं की माझी पोर येईल, फुकट करील.

चर्चच्या शेडमध्ये बाकं जोडून दवाखाना मांडला. दात बघणारी डॉक्टर एलेन शांत बाई होती. हात लावण्याआधी प्रत्येकाला विचारायची, आणि ते मिस्लेन गावच्या क्रेओल बोलीत सांगायची. सुरुवातीला तिने शब्दन् शब्द सांगितला. पण सावान-बेलच्या माणसाला प्रश्न विचारला की तो उत्तर देत नाही, गोष्ट सांगतो. दाढ कुठल्या चुलतसासूच्या मयताला ठणकायला लागली, मग कोणी कसला पाला चावायला दिला, तो पाला कोणाच्या कुंपणावरचा होता. बाहेर रांग उन्हात ताटकळायची. हळूहळू मिस्लेन वाक्यं कापायला शिकली. डॉक्टरांच्या पाच वाक्यांची तिच्या तोंडी दोन व्हायला लागली. रांग भराभर सरकू लागली. पथकाच्या प्रमुखाने तिचं कौतुक केलं, आणि तिलाही ते आवडलं.

शेवटच्या दिवशी दुपारी दोर्विलमामा येऊन बसला. आईचा मावसभाऊ, कोनफळाची शेती करणारा, हाडापेराने मोठा माणूस. गाल सुजला होता. एलेनने वरचे पुढचे दात ठोकून पाहिले आणि मिस्लेनला समजावलं. एक दात कामातून गेलेला आहे, तो काढावा लागेल. शेजारचे दोन किडलेत, पण वाचतील. शहरात जाऊन भरून घ्यायला हवेत, माझ्याकडे इथे ते साहित्य नाही. जाणं जमणारच नसेल तर तेही आज काढलेले बरे, नाहीतर पुढे पू होईल. काय करायचं ते त्यांना विचार.

मिस्लेनने बाहेर पाहिलं. डोंगरावर ढग दाटले होते. नदीला पाणी चढायच्या आत गाड्या खाली उतरायला हव्या होत्या, आणि रांगेत अजून बायका लेकरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. मामाला हे सगळं सांगायचं म्हणजे तो शहरातल्या दवाखान्याची चौकशी करणार, बायकोला विचारून येतो म्हणणार. आणि एवढं करून जाणार थोडाच आहे, असं तिच्या मनात आलं.

"मामा, तीन दात काढावे लागतील म्हणतात."

"तीन?" मामाने गालावर हात ठेवला. "बरं. तू आहेस ना इथे, मग काढू देत."

तिन्ही काढा म्हणतात, असं मिस्लेनने सांगितल्यावर एलेनने विचारलं, त्यांना नीट कळलंय ना? मिस्लेनने मान हलवली. भुलीचं इंजेक्शन झालं, पक्कड लागली, आणि तिन्ही दात पत्र्याच्या बशीत पडले. मामा कापसाचा बोळा चावत हसला आणि बोबड्या आवाजात म्हणाला की आता मी चावायचा नाही, बायको निर्धास्त भांडेल.

दोर्विलमामा गावाच्या रारामध्ये, ईस्टरच्या वाजत्यागाजत्या मिरवणुकीत, मोठी तुतारी फुंकायचा, आणि पुढच्या दातांशिवाय तिला फुंक बसत नाही, हे मिस्लेनला माहीत नव्हतं असं नाही. त्या घटकेला आठवलं नाही, एवढंच.

ईस्टरच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा आठवलं. रारा रस्त्याने वर येत होता. ढोल होते, पत्र्याचे खुळखुळे होते, वेळूच्या तुताऱ्या होत्या. एकेका तुतारीला एकच सूर, ज्याने त्याने आपापल्या वेळी फुंकला तरच चाल उभी राहते. त्या दिवशी चाल लंगडत होती. सगळ्यात खालचा सूर यायचा त्या जागी नुसती फुसकी हवा येत होती. मामाची मोठी तुतारी आता एक्झील नावाचा गवंडी फुंकत होता, आणि मामा कडेने रिकाम्या हातांनी चालत होता.

"दोर्विल, नुसता चालतोस कशाला? नाच तरी," कोणीतरी डिवचलं.

मामाने ओठ मिटून घेतले. मिस्लेन दिसली तशी मात्र त्याने हाक मारून सगळ्यांना सांगितलं की ही पोरगी होती म्हणून वाचलो, नाहीतर ते विष डोक्यात चढलं असतं. संध्याकाळी मामीने कोनफळांची टोपली पाठवली. आईने ती कौतुकाने उकडली. मिस्लेनने ताटली तशीच बाजूला सारली. पोट दुखतंय म्हणून ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मामाच्या शेतावर गेली. तो वेलांना आधाराच्या काठ्या लावत होता. तिने काही आडपडदा न ठेवता सांगितलं. डॉक्टर काय म्हणाल्या होत्या, आणि आपण काय सांगितलं.

हातातली काठी मामाने खाली ठेवली.

"म्हणजे दोन चांगले होते?"

"भरून घेतले असते तर टिकले असते."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"रांग मोठी होती. आणि तुम्ही शहरात जाणार नाही, असं वाटलं मला."

"असं वाटलं तुला." त्याने हाताची माती झटकली. "नसतो गेलो मी, कदाचित. पण नाही म्हणायचं तर ते मी म्हटलं असतं ना, मिस्लेन. तोंड माझं होतं."

तिने माफी मागितली. तो काठी उचलून कामाला लागला. ती बांधावर थोडी थांबली आणि परत फिरली.

पुढे तिने त्याला ले कायला नेऊन कवळी करून दिली. तो आला, निमूट बसला, निमूट परत गेला. कवळीने कणीस खाता यायचं, पण तुतारीला तोंड लावून जोर केला की ती निसटायची. दोनदा रस्त्यात पडली, लोक हसले. मग त्याने ती तुतारी एक्झीलला कायमची देऊन टाकली आणि स्वतः पत्र्याची किसणी घासून ताल देत रारामध्ये चालू लागला. बरी घासायचा. मिस्लेनला मात्र तो आता "पोरी" म्हणत नसे. शाळेतल्या पोरांसारखं "मिस" म्हणायचा, अगदी अदबीने. शिवी दिली असती तर तिला सोपं गेलं असतं.

पथक परत आलं तेव्हा, नको म्हणावं असं तिला फार वाटलं. पण दुसरं कोणी इंग्रजी बोलणारं नव्हतं. ती गेली, आणि या खेपेला तिने एक शब्द गाळला नाही. चुलतसासवा, पाले, कुंपणं, सगळं ऐकून घेतलं. रांग रखडली. प्रमुखाने दोनदा येऊन घड्याळ दाखवलं. काही माणसं न तपासताच परत गेली आणि जाताना तिलाच बोलली. त्यांचंही चुकत नव्हतं.

मामीची दाढ दुखत होती. मामा तिला घेऊन आला आणि बाकाशेजारी उभा राहिला. एलेन बोलायची थांबली तशी मिस्लेनने तोंड उघडलं, तेवढ्यात मामाने हात वर केला.

"मिस, ती डॉक्टर बरंच बोलली. सगळं सांगा."

"सगळं सांगते," मिस्लेन म्हणाली, आणि मामीकडे वळून पहिल्या वाक्यापासून सांगू लागली. मामा तिच्याकडे बघत नव्हता. डॉक्टरांच्या किती बोलण्याला हिचं किती होतंय, हे तो कान देऊन ऐकत होता.