सात नंबरचा गोंगाट

आमच्या परसात जमिनीखाली एक यंत्र पुरलंय. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड इथल्या खडकात खोलवर कोंबून ठेवतात. तो गपगुमान बसलाय की खडकाला तडा देतोय, हे अशी यंत्रं कान लावून ऐकतात. ऑफिसात बसून पडद्यावर त्यांच्या रेघा बघायच्या, ही माझी नोकरी. आमचं यंत्र सात नंबरचं, आणि त्यात खडक कमी, सासूबाई जास्त! काठी आपटत चालायचं, बादली दाणकन ठेवायची, दार धाडकन लावायचं. ऑफिसातले हसायचे, "सातवर भूकंप! सासूबाई उठल्या वाटतं."

मी चिडायचे. पण खरं सांगते, नवरा परगावी, सासूबाई दिवसभर एकट्या, त्यात मागच्या महिन्यात चक्कर येऊन पडलेल्या. ती रेघ हलली की माझा जीव भांड्यात पडायचा.

आज तपासणीला मोठे साहेब येणार होते. आणि सातची रेघ सकाळपासून सपाट! यंत्र बिघडलं म्हणावं, तर रस्त्यावरून ट्रक गेला तेव्हा बरोबर थरथरली. घरी फोन केला, उचलला नाही. साहेब गेले खड्ड्यात, म्हटलं, आणि स्कूटर काढली.

दार ढकललं. सासूबाई पलंगावर मांडी घालून बसलेल्या, काठी उशाशी. फोन पलीकडच्या टेबलावर.

"आई! फोन का नाही उचललात?"

"हळू बोल गं!" त्या कुजबुजल्या. "काल तूच कुणाला तरी सांगत होतीस ना, साहेब येणार, सातवर गोंगाट नको म्हणून? तू गेल्यापासून पाय खाली टेकलेला नाही मी. फोनपर्यंत जायचं तर काठी वाजणार. चहासुद्धा नाही घेतला."

हसावं की रडावं कळेना. मी त्यांच्या मांडीत डोकं खुपसलं. "जीव गेला होता माझा, आई."

"वेडाबाई," माझ्या केसांतून हात फिरवत त्या म्हणाल्या. "मग आता उतरू का?"

"उतरा. आणि चांगलं आपटत चाला."

त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. ठक, ठक. पातेलं दाणकन ओट्यावर. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, "अगं, साहेब विचारताहेत, सातवर हा गोंगाट कसला?"

"गोंगाट काय म्हणता!" मी म्हटलं. "आमच्या आई चहा टाकताहेत."