रोह्यांच्या वाटेवरची मोरी

मित्रांनो, किनवटच्या जंगलातल्या हमरस्त्यावरून तुम्ही गेला असाल, पण मला पाहिलं नसेल. मी रस्त्याच्या पोटात राहते. मी एक जुनी दगडी मोरी आहे. भांडी घासायची मोरी नव्हे हं! माझ्या कमानीतून बैलगाडी सहज निघेल. गवंडी नासिरभाईंच्या पणजोबांनी मला निजामाच्या काळात बांधलं.

पावसाळ्यात माझ्यातून ओढा वाहतो. फाल्गुन सरून डोंगरातले पाणवठे आटले की रोही, म्हणजे नीलगाई, येतात. घोड्याएवढी जनावरं, पण फार भित्री. माझ्यातून ती पैनगंगेच्या डोहाकडे उतरतात आणि मृगानंतर परत डोंगर चढतात.

मग रस्ता चौपदरी झाला. दोन्ही बाजूंना सिमेंट जोडून मला लांब केलं. आत अंधार वाढला, तरी रोही येत राहिले. वर ट्रक धडधडत, खाली खुरं वाजत. दोन्ही वाटा मीच सांभाळते, असा थोडा गर्वही मला होता.

या चैत्रात वनखात्याचे मोठे साहेब मला पाहायला येणार होते. वनरक्षक पंचशीलाताईंनी नासिरभाईंना बोलावलं. पणजोबांच्या हातचं काम म्हणून त्यांनी मला आतबाहेर चुना लावला, गेरूची किनार ओढली, झेंडूचं तोरण बांधलं. साहेबांनी नारळ फोडला, उदबत्ती लावली, फोटो काढले. खोटं कशाला बोलू, मी नव्या नवरीसारखी मिरवत होते.

त्याच संध्याकाळी कळप आला. पुढची मादी पांढऱ्या भिंती पाहून थबकली. तोरण हललं, उदबत्तीचा परका वास आला, तशी ती फुरफुरत वळली आणि थेट भराव चढली. माझ्या पाठीवर ब्रेक करकचले. कळप कसाबसा पलीकडे गेला, पण तिचं दूधपितं पाडस घाबरून मागे पळालं आणि डोंगराच्या बाजूला पळसाखाली एकटंच राहिलं.

उजाडलं तरी आई नदीच्या बाजूला भरावाखाली येरझाऱ्या घालत होती. वर वाहनांची रीघ लागली होती. मला माझ्या मिरवण्याची फार लाज वाटली.

सकाळी पंचशीलाताईंनी भरावावरचे खुरांचे ठसे पाहिले, दोन बाजूंना राहिलेली मायलेकरं पाहिली आणि नासिरभाईंना बोलावून घेतलं.

"नासिरभाई, चुना खरवडा. सगळा."

"ताई, परवाच तर लावलो की! साहेब किती खूश झाले!"

"साहेब खूश झाले, हाव. पण रोह्याला कुणी इचारलं का? चूक माझीच हाय. पिल्लू इकडं उपाशी, आई तिकडं तडफडून राहिली. ती पुन्हा सडकंवर चढली तर?"

नासिरभाईंनी तोरण उतरवलं आणि दुपारपर्यंत मला घासून काढलं. मग भिंतींवर ओढ्यातली माती कालवून लिंपली. ताई टोपलं घेऊन डोंगरात गेल्या. रोही ठरलेल्या जागीच लेंड्या टाकतात आणि त्या वासावरून त्यांना आपली जागा कळते. ताईंनी टोपलंभर लेंड्या आणून माझ्यात पसरल्या.

"पणजोबा काय म्हणतील!" नासिरभाई नाक दाबून म्हणाले.

दोघं लांब झाडाआड बसले. दिवस कलला तशी आई माझ्या तोंडाशी आली. तिने हुंगलं. एक खूर आत टाकला. तेवढ्यात वरून ट्रक गेला आणि ती थांबली. मी थरथरू नये म्हणून किती जीव एकवटला, काय सांगू! मग ती हळूहळू चालत माझ्यातून पार झाली. पळसाखालून पाडस धावत आलं आणि तिच्या पोटाशी ढुशा देत दूध पिऊ लागलं.

"आता चुन्याचं नाव काढलो तर मला इथंच चिणा," असं म्हणत नासिरभाईंनी डोळे पुसले.

मित्रांनो, माझी निगा राखायची तर माझ्यातल्या बाटल्या आणि फाटके टायर काढा. मला सजवू मात्र नका. तुम्हाला मी सुंदर दिसले नाही तरी चालेल, ज्यांची ही वाट आहे त्यांना मी ओळखीची वाटले पाहिजे.

काल ते पाडस आईच्याही पुढे धावत माझ्यातून नदीकडे गेलं. तोंडाशी थांबलंसुद्धा नाही.